हातातला फोन आणि कंबरेचं यंत्र

सातारा-सांगलीकडच्या भटक्यांत एक वाद काही मिटत नाही. रानात जायचं तर मोबाइलमधला नकाशा पुरतो, की स्वतंत्र जीपीएस यंत्र हवंच? यंत्रवाल्यांचं म्हणणं त्यांच्याच जोरात सांगायचं तर असं: ‘फोन म्हणजे शहरातलं खेळणं. रेंज गेली की नकाशा गेला. दुपारनंतर बॅटरी मान टाकते. पावसात तर त्याला हातही लावता येत नाही. अमेरिकेतले शिकारी आठ-आठ दिवस डोंगरात काढतात, ते काय वापरतात ते बघा आणि मग बोला.’

ठीक आहे, अमेरिकेपासूनच सुरुवात करू. तिथल्या शिकाऱ्याला वाटेइतकीच काळजी हद्दीची असते. पायाखालची जमीन सरकारी की कुणाच्या मालकीची, यावर त्याचा गुन्हा ठरतो. मोंटाना राज्यात २००९ साली निघालेल्या ऑनएक्स या कंपनीनं नेमकी ही काळजी हेरली. तिचा पहिला माल होता गार्मिनच्या यंत्रात घालायच्या चिपा, त्यांत जमीनमालकीचे नकाशे भरलेले. काही वर्षांत तेच नकाशे फोनवर आले आणि आज ती कंपनी फोनच्या ॲपसाठीच ओळखली जाते. ज्या घरचा दाखला आपल्याला दिला जातो, त्या घरात वारं कधीच फिरलंय.

शिवाय आपल्याकडे शिकारी आहे कुठे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याच्या उरल्यासुरल्या पळवाटाही बुजवल्या. वाघर लावून रानडुक्कर धरणारे अजून आहेत, पण ते जीपीएसच्या वादात भाग घ्यायला येत नाहीत. शिकाऱ्यासारखं रान तुडवणारा, म्हणजे वाट सोडून दिवसभर चालणारा, विष्ठा आणि ठसे वाचणारा, काय कुठे दिसलं त्याची नोंद ठेवणारा माणूस आपल्याकडे एकच. तो म्हणजे बीटवरचा वनरक्षक. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व भारतीय वन्यजीव संस्था यांनी गस्तीसाठी ‘एम-स्ट्राइप्स’ ही पद्धत आणली. सुरुवातीला त्यात हातातलं जीपीएस यंत्र होतं आणि सोबत कागदी तक्ते. संध्याकाळी चौकीवर येऊन यंत्रातले आकडे संगणकात उतरवायचे, तक्ते त्यांच्याशी जुळवायचे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की गवा कोयनेच्या पाण्यात उभा! २०१८ च्या व्याघ्रगणनेपर्यंत हे सगळं अँड्रॉइड फोनच्या ॲपमध्ये आलं. चाललेली वाट, टिपलेला फोटो, ठशाची जागा आणि वेळ आता एकाच नोंदीत राहतात, आणि रेंज नसली तरी नोंद होते. चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर रोज पायपीट करणाऱ्याच्या हाती सरकारनं फोन दिला, यापेक्षा मोठा दाखला मला तरी सापडत नाही. २०२२ मध्ये चांदोलीच्या हद्दीत शिकारीसाठी शिरलेले काही जण वनखात्याच्या कॅमेऱ्यात टिपले गेले, आणि पकडल्यावर पुढचा पुरावा त्यांच्या फोनमधूनच निघाला. रान राखणारा आणि रान लुटणारा, दोघांच्याही खिशात फोनच होता.

आता रेंजचा मुद्दा. इतकी वर्षं लोटली तरी तो जिवंत कसा, याचं नवल वाटतं. फोनमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट घेतो. त्यासाठी टॉवर लागत नाही. टॉवर मदत करतो ती एवढीच, की कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती तो झटकन पुरवतो. तो नसला की फोनला तीच माहिती उपग्रहांकडून उतरवून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती फार सावकाश सांगतात; सगळ्या उपग्रहांचं संपूर्ण पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून वासोटा किल्ल्याला जाताना जागा पकडायचं काम बामणोलीच्या धक्क्यावर, मोकळ्या आभाळाखाली, रेंज असतानाच उरकावं. पुढे कोयनेच्या शिवसागर जलाशयातून तासाभराच्या बोटीनंतर वासोट्याच्या पायथ्याला उतरल्यावर, झाडीत उभं राहून ‘जीपीएस लागत नाही’ म्हणून फोन झटकण्यात अर्थ नाही. नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला हवा. तो न उतरवता गेलात तर निळा ठिपका दिसतो आणि भोवती कोरा राखाडी कागद. यात फोनचा काय दोष?

फोनविरुद्धचा सगळ्यात गाजणारा पुरावा असतो गूगल मॅप्सचा. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या मंडळींची गाडी अकोले तालुक्यात रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. नकाशानं दाखवलेला रस्ता पाण्याखाली होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले. दोन्ही घटना खऱ्या, भयंकर, आणि या वादाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. गूगल मॅप्स हा गाडीवाल्याचा नकाशा. त्याला रस्ता कळतो, उतार कळत नाही. रानात वापरायची ॲप वेगळी: ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स, लोकस यांसारखी, ज्यांत समोच्च रेषा असतात, पायवाटा असतात, आणि जी विमान मोडमध्येही चालतात. एका ॲपच्या चुकीचं खापर अख्ख्या फोनवर फोडायचं असेल, तर जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश यंत्रात तसेच्या तसे भरून भलतीकडे गेलेल्यांचं खापर कुणावर फोडायचं? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट एव्हरेस्टच्या संदर्भमापावर बेतलेल्या आहेत आणि यंत्र सहसा डब्ल्यूजीएस-८४ वर असतं. सेटिंग बदललं नाही तर आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. सपाटीवर त्यानं एक शेत चुकेल. वासोट्याच्या बाबूकड्याच्या धारेवर काय चुकेल ते सांगायला नको.

बॅटरीबद्दल थोडक्यात. फोनची बॅटरी जीपीएसपेक्षा रेंजचा शोध जास्त खातो. कोयनेच्या खोऱ्यात टॉवर नसला की फोन सारखा हाका मारत राहतो आणि दुपारपर्यंत दमतो. विमान मोड लावा, पडदा बंद ठेवा, नोंद चालू राहू द्या, दिवस निघतो. सोबत छोटी पॉवर बँक असली तर दोन दिवसही. आपल्याकडच्या बहुतेक वाटा एका-दोन दिवसांच्याच आहेत, आठ दिवसांच्या नाहीत. आणि बोटीत बसल्या बसल्या रील चढवायचा प्रयत्न करणाऱ्याची बॅटरी कुठलंच यंत्र वाचवू शकत नाही.

पाऊस हा मात्र यंत्रवाल्यांचा खरा मुद्दा, तो मी खालमानेनं मान्य करतो. जुलैत महाबळेश्वरच्या बाजूच्या एखाद्या सड्यावर धुक्यात उभे राहा. जांभ्याच्या कातळावर पाऊल उमटत नाही, दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो, वारा कोणत्या अंगानं येतोय तेवढंच कळतं. अशा वेळी फोन बाहेर काढावा तर काचेवर पडलेल्या थेंबांना तो बोटं समजतो. नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, सरकत सरकत पार कऱ्हाडला जातो. पुसायला काही कोरडं उरलेलं नसतं. गार्मिनच्या साध्या ईट्रेक्सला बटणं असतात आणि ती ओल्या बोटानं दबतात. त्यात दोन पेन्सिल सेल लागतात, ते मेढ्याच्या वा पाटणच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पावसाळाभर गट घेऊन फिरणाऱ्यांनी, आणि रात्री-अपरात्री दरीत उतरणाऱ्या बचाव पथकांनी ते जरूर बाळगावं. पण व्याघ्र प्रकल्पातल्या वाटा पावसाळ्यात बंदच असतात, म्हणजे हा मुद्दा जिथं लागू होतो तो मुलूख आधीच आखूड. एरवी ज्याला वर्षातून चार वेळा रानात जायचंय, त्यानं फोनइतके पैसे यंत्रात घालण्यापेक्षा फोनला बरी पाणबंद पिशवी घ्यावी.

यंत्राचा दबदबा खरं तर जुन्या काळातून चालत आलाय. अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली, आणि त्यानंतरची काही वर्षं हातातल्या यंत्राला तोड नव्हती. तेव्हा ते कंबरेला लटकवणारा माणूस गटाचा पुढारी ठरायचा. २०१८ पासून मात्र दोन वारंवारितांवर संकेत घेणारे फोन बाजारात आलेत. अचूकतेत आता दोघांत भांडण्यासारखं फार उरलेलं नाही, आणि जिथं अचूकता खरोखर घसरते, म्हणजे अरुंद घळीत आणि उभ्या कड्याच्या पोटात, तिथं संकेत खडकावर आपटून येतो आणि दोघांनाही सारखाच चकवतो. अशा जागी पाच-दहा मीटरची चूक आडवी नसते, उभी असते.

परदेशातले यंत्रवाले शेवटचा हुकमी पत्ता टाकतात तो उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या उपकरणांचा. संकटात बटण दाबलं की मदत! आपल्याकडे तो पत्ता खेळताच येत नाही. अशी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका महिलेला सामानात गार्मिनचं असं उपकरण सापडल्यावरून ताब्यात घेतलं होतं. नुसती जागा दाखवणारं यंत्र चालतं, बोलणारं चालत नाही. उलट फोन धारेवर, खिंडीत, कधी एखाद्या टेपाडावर अचानक रेंज पकडतो आणि ‘अमुक ठिकाणी आहोत’ हे अक्षांश-रेखांशासह खाली कळवता येतं. नुसतं बटणांचं यंत्र ते कधीच करू शकणार नाही.

इथवर वाचून फोनवाले खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे. त्यांची मोठी चूक म्हणजे कुणा अनोळख्यानं चढवलेली वाटेची जीपीएक्स फाइल उतरवून तिच्यामागं आंधळेपणानं जाणं. ती वाट कुणी, कोणत्या महिन्यात, दोर घेऊन की दोराशिवाय चालली, हे त्या रेघेत लिहिलेलं नसतं. मार्चमध्ये कोरड्या असलेल्या नाळेतून ऑक्टोबरात पाणी कोसळत असतं. कारवी माजली की वाट तिथंच असते, दिसत मात्र नाही, आणि गव्यांच्या वाटा माणसांच्या वाटांपेक्षा रुंद नि मोहक असतात. रेघ चांदोलीच्या गाभ्यातून गेली असली म्हणजे आपल्याला तिथं जायची मुभा आहे, असंही नाही. परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात शिरणं हा गुन्हा आहे आणि ॲप त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अमेरिकन शिकाऱ्यानं हद्दीच्या नकाशासाठी पैसे मोजले ते उगाच नाही.

‘मग वाटाड्याच घ्या की,’ असं सांगणारे तिसरे. त्यांचा सल्ला मोलाचा, अडचण इतकीच की वाटाड्या उरलाय कुठे? कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली, मग अभयारण्यासाठी आणखी गावं उठली. मेट इंदवलीसारख्या वस्तीत आता जोती शोधावी लागतात. ज्यांना प्रत्येक पाणवठा ठाऊक होता ती कुटुंबं थेट सोलापूर-ठाण्यापर्यंत पांगली, आणि त्यांची नातवंडं मुंबईत. जिथं माणूस मिळेल तिथं त्याला जरूर घ्यावं, पैसे न घासाघीस करता द्यावेत, आणि तो चालेल ती वाट फोनमध्ये नोंदवून ठेवावी. तो ज्या वाटेला ‘नको’ म्हणेल, तिचीही खूण करावी.

यातूनच माझी मागणी निघते, आणि ती वनखात्याकडे आहे. बामणोलीहून वासोट्याला जाणारा प्रत्येक जण परवान्यासाठी तिथं थांबतोच. तिथंच त्याला खात्यानं स्वतः चालून तपासलेल्या वाटेची फाइल द्यावी: वासोटा आणि नागेश्वरच्या गुहेची परवानगीची वाट, पाण्याच्या जागा, परतीची वेळ, आणि ज्यापुढे पाऊल टाकायचं नाही ती हद्द. भिंतीवर एक क्यूआर कोड लावला की काम झालं. नकाशे काढणारी माणसं आणि ॲप दोन्ही खात्याकडं आहेत. चांदोलीतही, पर्यटकांना मोकळ्या असलेल्या भागापुरतं, हे सहज जमेल. शिकाऱ्यांना आयता नकाशा मिळेल, हा यावरचा ठरलेला आक्षेप. पण सुट्टीच्या दिवशी बोटींची रांग लागते ती वाट गुप्त कसली? चोरून शिरणारा तिच्या आसपासही फिरकत नाही. लपवायच्या त्या गस्तीच्या वाटा, आणि त्या कुणी मागितलेल्याही नाहीत.