पाचपैकी पाच गुण, आणि पुढच्या महिन्यात गैरहजर

जानेवारी उजाडला, की बारामतीच्या भिगवण रस्त्यावर काय किंवा इंदापूरच्या पेठेत काय, जिमच्या सवलतींचे फ्लेक्स झळकायला लागतात. वर्षाचे पैसे एकदम भरा, अमुक महिने मोफत, लेडीज बॅच स्वतंत्र. पूर्वी तालीम म्हणजे पोरांची जागा. बाईमाणसाने तिकडे फिरकायचं नाही. आता सुना-सासवा जोडीने ट्रेडमिलवर चालतात, हा बदल लहान नाही.

या जिमवाल्यांना आता ‘ग्राहक समाधान’ मोजायची आवड लागली आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एक फॉर्म हातात येतो. मशीन कशी आहेत, स्वच्छता कशी, ट्रेनर कसा, एक ते पाच गुण द्या. कधी व्यवस्थापन शिकणारी मुलंमुली प्रकल्पासाठी तसलीच प्रश्नावली घेऊन येतात. आपण घाईघाईत चार-पाच चार-पाच असे गोल करतो आणि मुलांच्या डब्याची आठवण होऊन पळतो. मग निष्कर्ष निघतो, महिला सदस्य समाधानी!

खरंच?

या प्रश्नावल्यांचं मूळ पाहिलं तर गंमत कळते. पारसुरामन, झाइथमल आणि बेरी या तीन प्राध्यापकांनी अमेरिकेत १९८८ मध्ये सेवेची प्रत मोजायची एक पद्धत मांडली, ‘सर्व्हक्वाल’ नावाची. त्यात २२ मुद्दे. डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, दिलेला शब्द पाळणं, तत्परता, विश्वास वाटणं आणि आपुलकी अशा पाच बाजूंनी ते विचारायचे. पण मुख्य गोष्ट अशी, की प्रत्येक मुद्दा दोनदा विचारायचा. आधी तुमची अपेक्षा काय होती, मग प्रत्यक्षात काय मिळालं. या दोन्हींतलं अंतर म्हणजे सेवेचं माप. आपल्याकडे फॉर्म छापताना बहुधा पहिला अर्धा भाग गळून जातो.

आणि बायकांच्या बाबतीत नेमका तोच भाग महत्त्वाचा. जिने आयुष्यात स्वतःसाठी कधी तासभर काढला नाही, तिची अपेक्षा असते तरी किती? तिला पंखा चालू मिळाला, कुणी टक लावून बघितलं नाही, तरी ती पाच गुण देते. कपडे बदलायची खोली नसली तर घरूनच ट्रॅकसूटवर ओढणी घेऊन येते, आणि ते तक्रारीचं कारण आहे असं तिच्या मनातही येत नाही. अपेक्षाच खाली असली की समाधान आपोआप वर जातं. त्यात फॉर्म ट्रेनरच्याच हातात परत द्यायचा, वर नावही लिहायचं. गावात सगळे ओळखीचे. वाईट कोण लिहिणार हो?

दुसरी गफलत त्याहून मोठी. फॉर्म भरतं कोण? जी येते ती. जी तिसऱ्या महिन्यात यायची बंद झाली, तिला कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या डेलाव्हिग्ना आणि माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये तीन हेल्थ क्लबमधल्या ७,७५२ सदस्यांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक सरासरी चारच्या आसपास वेळा येत होते. म्हणजे एका फेरीला १७ डॉलरहून अधिक पडले. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरी १० डॉलरला पडली असती! आपण नक्की येऊ, या भरवशावर माणूस पैसे भरून बसतो. ही खोड बारामतीकरांनाही आहेच. आणि जिमला ती सोयीची आहे, कारण न येणारा सदस्य मशीनही झिजवत नाही.

बायका का सुटतात, याची कारणं मशीनच्या गुणपत्रिकेत सापडायची नाहीत. लेडीज बॅचची वेळ पाहा. घरचं आवरून निघावं तर ती संपत आलेली. टेक्स्टाइल पार्कमध्ये किंवा एमआयडीसीत कामाला जाणारीला ती मुळातच गैरसोयीची. इंदापूर तालुक्यातल्या वाडीवस्तीवरून येणारीचा प्रश्न आणखी वेगळा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की संध्याकाळच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून स्कूटी काढायची. मग घरचे म्हणतात, राहू दे तुझं ते जिम. आता सांगा, याला किती गुण?

हे नुसतं हौसेचं प्रकरण नाही. २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, असं २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासातून पुढे आलं. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा बाई जिममध्ये टिकली का, हाच खरा प्रश्न. समाधान मोजायचंच असेल तर हजेरीचं रजिस्टर उघडा. शंभर जणी आल्या, सहा महिन्यांनी किती उरल्या? सुटलेल्यांना फोन करा, तोही बाईमाणसाने. ‘का सोडलंत?’ एवढंच विचारा. बावीस प्रश्नांची गरज पडणार नाही.

आणि मैत्रिणींनो, पैसे भरताना पावती घ्याच. सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो फरक पावतीत दिसतो का, तेही बघा. ‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पाटी असली म्हणून सगळं संपत नाही. पावती न देणं, सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं, या गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. जिम कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. वर्षाचं पॅकेज घ्यायच्या आधी एक महिन्याचं घ्या. महाग पडलं तरी चालेल. त्या महिन्यात आपण किती दिवस गेलो, ते कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारीच, लिहून ठेवा.