पत्राच्या तळाची ओळ

माझे मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात. डिसेंबर लागला की त्यांच्या दाराच्या फटीतून शेजाऱ्यांची नाताळची कार्डे आत पडू लागतात. एखाद्या कार्डाच्या घडीत छापील कागदही असतो. त्यात त्या घराचा वर्षभराचा वृत्तांत: मुलांचे निकाल, सहली, बढती, बाग, कुत्रा. मजकूर एकच, तो पन्नास घरी जातो. इंग्रज लोक याला 'राउंड रॉबिन' म्हणतात, अमेरिकेत 'हॉलिडे न्यूजलेटर'. पतपेढीच्या वार्षिक अहवालासारखाच हा प्रकार, फक्त यात तोटा सहसा दाखवत नाहीत.

गंमत अशी की नाताळचे कार्ड निघाले तेच मुळी पत्रे लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना एवढ्या पत्रांना उत्तरे द्यायला सवड नव्हती. त्यांनी एका चित्रकाराकडून शुभेच्छांचे चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. पुढे घराघरांत टाइपरायटर आले, कचेरीत झेरॉक्स आले आणि हाकललेले पत्र कार्डाच्या पोटात बसून परत आले. तेही दोन पानांचे!

'गार्डियन' दैनिकाचे स्तंभलेखक सायमन हॉगर्ट यांना वाचक अशी पत्रे पाठवत. त्यांनी ती निवडून २००४ साली पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ आहे 'फ्रीज उघडता येणारे मांजर'. म्हणजे घरातली मुले तर हुशार असतातच, मांजरही मागे नसते. अमेरिकेत नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापिका ॲन बर्नेट यांनी तर अशा पत्रांचा ढीग जमवून अभ्यासच केला. आपण किती घाईगर्दीत आहोत हे सांगण्याची त्यांत जणू चढाओढ असते, असे त्यांना दिसले.

बढाई मारायचीही एक रीत असते. "आमचा थोरला तसा साधारणच, केंब्रिजने त्याला कसे घेतले कोण जाणे!" आपल्याला हसू येते, कारण हा सूर ओळखीचा आहे. आपल्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ईदच्या दिवशी काय येते? "अल्हम्दुलिल्लाह, छोटासाच फ्लॅट घेतला. तीनच बेडरूमचा." खाली चार फोटो, त्यात बाल्कनीचे तीन.

गेल्या डिसेंबरात माझी खाला मुलाकडे लेस्टरला होती. समोरच्या घरातल्या बाईंचे पत्र आले. भाईजान एकेक ओळ मराठीत करून सांगत होते आणि घर हसत होते. मुलगी मॅरेथॉन धावली, नातू व्हायोलिन शिकतो, गुडघ्याचे ऑपरेशन झाले (त्यावर पूर्ण परिच्छेद), भोपळा सहा किलोचा निघाला.

खाला मात्र हसली नाही. तिने विचारले, "बाईच्या नवऱ्याचं काय झालं?"

"काही नाही अम्मी. पत्रात तसं काही नाही."

"तेच विचारते. भोपळा आहे, नवरा नाही. मागच्या वर्षी होता ना?"

भाईजाननी कागद उलटसुलट करून पाहिला. अगदी तळाला, छापील मजकुराच्या खाली, पेनाने एक ओळ लिहिलेली होती. ती त्यांनी वाचलीच नव्हती. 'हल्ली घर फार शांत वाटते. जमले तर चहाला या.'

नवरा ऑक्टोबरात वारला होता. रस्ता ओलांडला की घर, आणि या लोकांना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी खाला शेवयांची खीर घेऊन गेली. इंग्रजी एक शब्द येत नाही, तरी दोन तास बसून आली.

हे मला खालाने फोनवर सांगितले तेव्हा मी म्हटले, काय ही माणसे! एवढी मोठी गोष्ट, आणि कागदाच्या कोपऱ्यात.

यंदाच्या बकरी ईदला मीही ग्रुपवर लिहिले. "सर्वांना ईद मुबारक. मुलीला दहावीत ९१ टक्के मिळाले, अल्हम्दुलिल्लाह. धाकट्याचा कुराण शरीफचा पहिला खतम झाला. घराला रंग काढला. सगळे मजेत. दुआओं में याद रखना." फोटोही टाकले. चाळीस जणांनी अंगठे दाखवले, अकरा जणांनी 'माशाअल्लाह' लिहिले. माझे मलाच बरे वाटले.

संध्याकाळी भांडी आवरत होते तेव्हा फोन वाजला. खालाच होती. आता ती परत आपल्या गावी आली आहे.

"बेटा, सगळं वाचलं. पोरीला माझ्याकडून शाबासकी दे."

"जी खाला."

"रंगही छान दिसतो." मग जरा थांबून म्हणाली, "जावयाचं नाव कुठं दिसलं नाही."

यांची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. माहेरी कुणालाच सांगितले नव्हते. घराचा रंग यांनीच काढला होता, दिवसभर घरी असतात म्हणून.

मी हात पुसले, स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले आणि पाटावर बसले. म्हटले, "खाला, वेळ आहे ना तुला?"