मुकादम आता मोबाइलमध्ये बसतो

'घरबसल्या प्रूफरीडिंग करा, महिना ३० हजार कमवा.' ही जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेलच. नसेल तर उद्या येईल. शिकलेला बेकार पोरगा नेमका हुडकून काढायची अक्कल या यंत्राला आहे. त्याला काम द्यायची मात्र नाही.

दोस्तांनो, मी गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो. मॅट्रिक आहे. कविता लिहितो, आणि रात्री मित्रांच्या पुस्तकांची प्रुफं तपासतो. पाठीवरच्या गोणीचं वजन मला कळतं, तसं ऱ्हस्व-दीर्घाचंही कळतं. म्हणून ठणकावून सांगतो, संपादन हे कष्टाचं काम आहे आणि कष्टाला मजुरी असते. मजुरी द्यायच्या आधी जो तुमच्याकडंच पैसे मागतो तो मालक नव्हे, चोर आहे. नाव काही का सांगेना. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, परत मिळणारं डिपॉझिट. एकाच चोराची ही तीन नावं.

त्याच्या तऱ्हा ओळखून ठेवा. एक जण दोनशे पानं टाइप करायला देतो. तुम्ही रात्री जाळता. मग तो म्हणतो, अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आली, करार मोडला, दंड भरा. वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर धाडतो. अरे, कुठलं कोर्ट व्हॉट्सॲपवरून क्यूआर कोड पाठवून दंड वसूल करतं? दुसरा टेलिग्रामवर भेटतो. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरंच देतो. मासा गळाला लागला की म्हणतो, पुढच्या टास्कला आधी तुम्ही भरा. तिसरा तर पैसे मागतच नाही, तुमचं बँक खातं मागतो. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो, खातं गोठतं, आणि पोलीस तुमच्या दारात. पोलीस आपल्या दारात आले की काय होतं, हे वस्तीतल्या माणसाला शिकवायला नको.

कुणाचे पैसे गेले असतील तर तोंड लपवून बसू नका. लाज चोराला वाटायला पाहिजे. लगेच १९३० ला फोन लावा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. जितका उशीर, तितका पैसा लांब.

हे झाले भुरटे. इस्त्रीच्या कपड्यातले वेगळे. एका प्रकाशनानं मला 'चाचणी' म्हणून अख्खं प्रकरण धाडलं. ४० पानं. मी म्हटलं, एक पान फुकट तपासतो, बाकीचा दर बोला. त्यानंतर त्यांचा फोनच लागेना. हिशेब सोपा आहे. दहा पोरांना दहा प्रकरणं वाटली की पुस्तक फुकटात शुद्ध! आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची बिगार केली. तिला घटनेच्या कलम २३ नं बंदी घातली. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मी एवढंच म्हणतो की फुकटचं काम 'संधी' म्हणून वाढलं तरी ते उष्टंच.

आता मोठ्या बाजाराचं बोलू. फायव्हर, अपवर्क ही दुकानं खोटी नाहीत, तिथं काम मिळतं. पण फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के कापून घेतं. अपवर्कवर अर्ज करायलाच 'कनेक्ट्स' लागतात, पदरचे संपले की विकत घ्यावे लागतात. म्हणजे उंबऱ्याचंही भाडं! हे आम्हाला नवं नाही. गोदीत पूर्वी मुकादम बोट दाखवील त्याला काम, आणि मजुरीत त्याचा वाटा. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानं वाट उघडली. मग नावनोंदणी आली, पाळीनं काम आलं, काम न मिळाल्या दिवशी हजेरीचे पैसे आले. १९६९ ला माथाडी कायदा आला. हे कुणी दान नाही दिलं, कामगार भांडला. तोच मुकादम आता मोबाइलमध्ये बसलाय, आणि त्याला गचांडी धरायला हाताला लागत नाही.

तरी काम करायचंच आहे, पोट आहे. मग डोळे उघडे ठेवून करा. ठरल्या रकमेच्या कामात गिऱ्हाइकाचे पैसे आधी साइटकडं जमा होतात. ते झालेत का बघा, मगच फाइल उघडा. 'साइट सोडून टेलिग्रामवर या' म्हणणारा तुमचं ते एकुलतं संरक्षण काढून घेतो. प्रकाशकाचं थेट काम आलं तर त्याची छापलेली पुस्तकं बघा, त्याच्याकडं आधी राबलेल्याला विचारा. दर पानाला की शब्दाला, पान म्हणजे किती शब्द, किती वाचनं, पैसे कुठल्या तारखेला, हे लेखी घ्या. थोडी रक्कम आगाऊ घ्या. आणि काम घेण्याआधी 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. ती फुकट होते, आधारवर होते. २००६ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सांगा त्यांना, आम्हाला कायदा वाचता येतो.

खरी गोम पुढं आहे. मराठीतलं चांगलं काम जाहिरातीत येतच नाही. दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, संस्थांचे अहवाल, सगळं ओळखीत वाटलं जातं. आणि ओळखीला आडनाव असतं. 'तुमचं शुद्धलेखन कसं काय?' असं तोंड वाकडं करून विचारतात. महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे अठरा नियम आहेत. ते कुणाच्या देव्हाऱ्यात ठेवलेले नाहीत. पाठ करा. पण हत्यार म्हणून शिका, सोवळं म्हणून नको. लेखकाच्या आईची बोली कापून प्रमाण करणारा संपादक नव्हे, न्हावी.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. ढोल वाजले, पेढे वाटले. त्या भाषेची पानं रात्र रात्र तपासणाऱ्याला पानामागं काय मिळतं, हे कुणी विचारलं?

ते आपण विचारू. एकट्यानं नाही, कारण एकटा पोरगा दर मागतो तेव्हा दुसरा त्याच्याहून दोन रुपये कमी सांगतो आणि मुकादम हसतो. आपल्यातल्या प्रुफं तपासणाऱ्यांनी एकत्र बसून आपला कमीत कमी दर ठरवायचा, आणि त्याखाली कुणी हात लावायचा नाही. पैसे बुडवणाऱ्याची पुराव्यासकट यादी करायची, नव्या पोराला दाखवायची. ज्याच्याकडं जास्त काम त्यानं पाळीनं दुसऱ्याला द्यायचं. गोदीनं हे करून दाखवलंय, आणि तिथले निम्मे अंगठेबहाद्दर होते. आपल्याला तर अक्षर येतं.