चिठ्ठी सगळ्यांना दिसू द्या

"काहून बे, दरवेळी आपलाच नंबर?" सेमिनारची यादी लागली की वर्गात हे वाक्य ठरलेलं. सर म्हणतात, "कॉम्प्युटरने काढला." विषय संपतो, संशय काही संपत नाही.

आपल्या पातूरसारख्या नगरपरिषदांमधली प्रभाग आरक्षणाची सोडत आठवा. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकतात, लहान मुलाच्या हाताने काढतात. ज्याचा प्रभाग गेला तो हळहळतो, पण चिठ्ठी त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. कॉम्प्युटरच्या सोडतीत तेच दिसत नाही. आरटीईच्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत निघते, तेव्हा पालकांच्या हाती फक्त निकाल येतो.

उपाय अवघड नाही. लिनक्समध्ये 'शफ' नावाची फुकटची कमांड आहे. नावांची फाईल द्या, ती पत्त्यांसारखी पिसून देते. तीनच नावं हवी असतील तर तीनच काढते. खरी गंमत पुढे आहे. 'रँडम सोर्स' म्हणून तिला आपण ठरवलेली फाईल देता येते. यादी तीच, फाईल तीच, तर निकालही तोच. म्हणजे कुणीही आपल्या लॅपटॉपवर सोडत पुन्हा काढून ताळा करू शकतो.

फक्त यादी आधी लावा. मग सगळ्यांसमोर फासे टाका आणि त्या आकड्यांवरून ती फाईल बनवा. नाहीतर मनासारखा निकाल येईपर्यंत फाईल बदलत बसणारेही निघतील.

सुरुवात वर्गातूनच करू. नंबर लागला तर सेमिनार देऊ, पण चिठ्ठी दिसली पाहिजे.