ट्रेलरच्या चाकाकडेही बघा!

सभासद बंधूंनो, गळीत संपले की कारखान्याची मिल खोलून दुरुस्त होते. आपला ट्रेलर मात्र तसाच बांधावर उभा. मग ऐन हंगामात बेअरिंग जळते, चाक निखळते, तोडलेला ऊस रस्त्यात वाळतो. वजन घटते, उताराही घटतो. अंधारात उभा ट्रेलर कुणाच्या तरी जिवावर बेततो. याला नशीब म्हणायचे? आम्ही म्हणतो, निव्वळ आळस!

वंगण घातल्याशिवाय वाडवडील गाडी जुंपत नसत. तेच करायचे. हब खोला, बेअरिंग डिझेलने धुऊन कोरडे करा, डाग दिसला तर बदला. नवे ग्रीस रोलरच्या फटीफटीत दाबून भरा. ऑइल सील, स्प्लिट पिन नवीच घाला. तापलेला हब ओढ्यात बुडाला की आत पाणी ओढतो, हेही ध्यानात ठेवा.

डबाभर ग्रीस महाग, की माणूस? तुम्हीच सांगा.