सहल की यात्रा?

रविवार आला की हॉस्टेलमध्ये एकच चर्चा. केळवा बीच की विरारला पिक्चर? गेल्या महिन्यात सबमिशन संपल्यावर आम्ही चौघे मात्र तिसरीकडेच गेलो. उमरोळीहून डहाणू-विरार लोकल, विरारला गाडी बदलून पुढचंच स्टेशन नालासोपारा आणि तिथून रिक्षाने सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप.

"यासाठी झोप मोडलीस?" रूममेट म्हणाला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. समोर विटांचा एक उंचवटा, बस्स!

पण १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हाच उंचवटा खणला, तेव्हा आत दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती. करंडकात एकात एक चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सोन्याची डबी. सर्वांत आत काय? मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी सोन्यात जपलेले.

अशोकाच्या काळात धर्मप्रसारासाठी कुणाला कुठे पाठवलं गेलं, याची यादी 'महावंस' ग्रंथात आहे. त्यात एक नाव अपरांतासाठी, म्हणजे आपल्या कोकणपट्टीसाठी आहे आणि दोन नावं सुवर्णभूमीसाठी. थायलंडमधलं नाखोन पाथोम हे गाव ती सुवर्णभूमी आपलीच मानतं. तिथला स्तूप सुमारे १२० मीटर उंच आहे. अख्खं गाव त्याच्याभोवती वाढलं. आणि आपण? सोपाऱ्यावरून जाताना विंडो सीट मिळाली की डोळे मिटतो!

सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखात तो सांगतो की आधीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. मी बोधिवृक्षाकडे गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. वृद्धांना भेटायचं, खेड्यातल्या लोकांशी बोलायचं. म्हणजे फिरणं तेच, फक्त हेतू बदलला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. इंडस्ट्रियल व्हिजिट हवीच, पण फर्स्ट इयरच्या मुलांना एक रविवार सोपाऱ्याला न्यायलाच हवं. सोबत सिव्हिलचे सर असले तर विटांचं गणितही कळेल. "सिलॅबसमध्ये नाही" असं कुणी म्हणेल. मान्य. पण चार वर्षं या लाइनवर राहून आपलीच जमीन अनोळखी राहिली, तर ती केटी कोणत्या परीक्षेत सुटणार?

बघा, येत्या रविवारी जमतंय का!