परसांतील पिचकारी-युद्ध

फाल्गुन वद्य पंचमीस परसांत मुलांचें पिचकारी-युद्ध जुंपलें, कीं वडीलधारीं माणसें खिडक्या लावून घेतात. त्यांनीं त्या उघडून पाहावें. दट्ट्या मागें ओढतांच नळींत पोकळी होते व बाहेरील हवेचा दाब पाणी आंत ढकलतो; हें मुलांस पुस्तकापेक्षां बादलीपाशीं लौकर उमगतें. रंग मात्र पळसाचीं फुलें उकळून केलेला असावा. बाजारी चंदेरी रंग डोळ्यांस घातक. आणखी एक. विहिरीपाशीं उभ्या राहिलेल्या विधवा आत्याबाईंना ‘त्यांना चालणार नाहीं’ असें परस्पर ठरवून वगळूं नये. वृंदावनांतील विधवा २०१३ सालीं उघडपणें रंग खेळल्या. मुलांनीं आत्याबाईंना सरळ विचारावें. आमच्या पाहण्यांतील एकींनीं उत्तर न देतां बादलीच उचलली!